समितीसमोर माझं दिग्दर्शन

टाळ्या मिळायच्या थांबल्या की हौशी नट्या समाजकार्याला लागतात, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे. मी डोंबिवलीहून महिन्यातून चार-पाचदा बालकल्याण समितीच्या कार्यालयात जाते. घरच्यांनी मारलेली, टाकलेली मुलं समितीपुढे येतात, तेव्हा शेजारी एक आपलं माणूस असावं, एवढंच माझं काम. पाणी द्यायचं, आत काय होणार ते सांगायचं आणि गप्प बसायचं. यातलं तिसरं मला फार जड जातं.

गेल्या वर्षी एक नऊ वर्षांची मुलगी आली. आई वारलेली. बाप तिला कळव्याच्या खोलीत दोन-दोन दिवस एकटी टाकून जायचा. शेजाऱ्यांनी कळवलं, तेव्हा ती बालगृहात आली. मोहने गावात राहणारी तिची सख्खी मावशी तिला न्यायला तयार होती. मावशीचं घरही पाहून झालं होतं. आता फक्त मुलीचं म्हणणं ऐकायचं राहिलं होतं. ते पटलं तर मावशीकडे, नाहीतर पुन्हा बालगृह.

आणि ही पोर बोलायची अशी, की स्वतःलाच ऐकू येऊ नये! बाहेरच्या बाकावर माझ्या अंगात दिग्दर्शिका संचारली.

"मान वर. आवाज पोटातून. 'मावशी' म्हणताना हात छातीशी."

"असा?"

"वा! पुन्हा एकदा."

चांगल्या चार तालमी झाल्या.

आत अध्यक्षबाईंनी विचारलं, "बाळा, तुला कुठे राहायला आवडेल?"

ती उभी राहिली. हात छातीशी. "मला माझ्या प्रेमळ मावशीकडेच राहायचे आहे!" शिवाय वाकून नमस्कार. तो मात्र मी बसवला नव्हता.

बाईंनी चष्मा काढला. "छान. कोणी शिकवलं?"

"या काकूंनी. परत करून दाखवू?"

पढवलेल्या मुलाच्या शब्दावर तिथे कुणी विसंबत नाही. नव्या स्वयंसेवकांना हे मीच बजावून सांगते! बाई मला शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर मावशी बसली होती. तिला घडलं ते सांगितलं.

"अहो ताई, पोरगी नीट बोलते की! तुम्ही कशाला तिचं गॅदरिंग केलंत?" मग हळूच, "आता नाही देणार काय तिला?"

मी उठून तिला पाणी आणून दिलं. 

अर्ध्या तासाने आम्हाला आत बोलावलं. मुलगी बाईंच्या शेजारी सतरंजीवर बसली होती. बाईंनी मावशीला विचारलं, "दिवाळीत तुमच्याकडे हिला कोंबडी का चावली?"

"अगंबाई, ते पण सांगितलं? सारखी अंड्यांना हात लावते, मग चोच मारणार नाही तर काय! आणि वर मलाच सांगते, मावशी, तिला ओरड."

"तीच पहिली आली अंगावर," मुलगी सतरंजीकडे बघत म्हणाली.

"बस गं, खोटारडे!"

बाई हसल्या. "हे काही कोणी शिकवलेलं दिसत नाही." आणि त्यांनी निर्णय सांगितला. आधी तीन महिने मावशीकडे, दर पंधरा दिवसांनी माझी भेट. "भेटीत फक्त ऐकायचं," हे माझ्याकडे बघून.

मावशी सह्या करायला बसली. मुलगी कधीच दारात जाऊन उभी राहिली होती आणि दर सहीला विचारत होती, "झालं? निघायचं?"