चौथ्या टायरावरचा आकडा

कुणी पेढा पुढे केला की सिस्टर आधी विचारायच्या, "कधीचा हाय?" पेढा साखरपुड्याचा असो, निकालाचा असो की नवीन सरपंचाचा. उत्तर मिळाल्याशिवाय त्या हात पुढे करत नसत, आणि उत्तर पटलं नाही तर म्हणायच्या, "तुमच्या घरच्यांनीच खावा. त्यांना सवय असंल." गावात त्यांना पाठीमागे 'तारीखबाई' म्हणत. समोर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

जळकोटपासून आठ-नऊ किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर एकोणीस वर्षं नर्स होत्या. माझी आई तिथेच मदतनीस होती. आई लसीचा डबा उचलायची आणि सिस्टर पुढे चालायच्या, असं मी लहानपणापासून पाहत आले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माणसावर कसं लिहितात हे मला नीट ठाऊक नाही, पण सिस्टरबद्दल लिहायचं राहून गेलं तर मला बरं वाटणार नाही, म्हणून जसं आठवतं तसं लिहिते.

तारखेचं हे वेड त्यांना त्र्याण्णवच्या भूकंपात लागलं. तेव्हा त्या नोकरीत नवीन होत्या आणि त्यांना पडझड झालेल्या गावांमध्ये पाठवलं होतं. मदत म्हणून औषधांचे खोकेच्या खोके येत. एका रात्री उतरवून घेतलेला अख्खा खोका त्यांनी सकाळी उघडून पाहिला, तर सगळ्या बाटल्यांची मुदत वर्षापूर्वीच संपलेली. त्यांनी खड्डा खणून त्या पुरल्या. वरचे साहेब चिडले, लोक एवढ्या लांबून मदत पाठवतात आणि तुम्ही मातीत घालता म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "मातीखालून माणसं काढायलोय, साहेब. त्यांना ह्या औषधानं परत मातीत घालू का?" हा किस्सा त्या फुशारकीनं सांगत नसत. सांगून झाल्यावर न चुकता म्हणायच्या, "वरून चकाचक होतं हो सगळं."

वरून चकाचक असलेल्या गोष्टींवर त्यांचा खास राग होता. बारावीची दोन वर्षं मी लातूरला क्लासला होते, तेव्हा त्या एकदा मला भेटायला आल्या. चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक पाहत म्हणाल्या, "लग्नाचे फोटो बी एवढे मोठे लावत न्हाईत." क्लासच्या एका खोलीत दीडशे मुलं बसतात हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "कोंबून कोंबून डॉक्टर होत असते तर मेंढरं कवाच सर्जन झाली असती." मला राग आला होता. पुढे माझा डॉक्टरकीला नंबर लागला नाही, मी नांदेडला बी.एस्सी.ला आले, तेव्हा घरातले सगळे हळू आवाजात बोलत होते. सिस्टर मात्र दारातूनच ओरडल्या, "ए कॉलेज, रडून झालं असंल तर चहा टाक. पानचट करू नको मागच्यासारखा." तेव्हापासून मी त्यांची 'कॉलेज' झाले. त्या दिवशी माझ्याशी नेहमीसारखं बोललेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्या.

निवृत्तीच्या थोडं आधी सिस्टर गाडी शिकल्या आणि त्यांनी एक छोटी, उंच बांध्याची, जुनी एसयूव्ही घेतली. गावातल्या पुरुषांनी बरीच चेष्टा केली. एकानं विचारलं, "सिस्टर, ह्या वयात गाडी?" त्या म्हणाल्या, "तुला ज्या वयात अक्कल यायला पाहिजे होती त्या वयात आली का? मग माझ्या गाडीला बी उशीर होऊ दे." ती गाडी आमच्या रस्त्यावर खूप कामाला आली. अडलेली बाई, साप चावलेला माणूस, तापानं फणफणलेलं पोर, सगळ्यांना सिस्टर उदगीरला किंवा लातूरला घेऊन जायच्या. जाताना वाटभर त्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना शिव्याही घालायच्या.

माझ्या ताईचं पहिलं बाळंतपण गाडीतच अडलं होतं. तेव्हा भाड्याची जीप होती. निम्म्या वाटेत टायर फुटला, जीपवाल्याकडचा जादा टायरही बसलेला, दुसरं वाहन मिळेपर्यंत दोन तास गेले. ताई वाचली, मूल गेलं. ताईला पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की बाळंतपण लातूरलाच करा. ताई गाडीचं नाव काढलं की घाबरायची. सिस्टरनी तिला जवळ बसवून सांगितलं, "मी नेते. माझ्या गाडीत." मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "टायर घासून गोटा झालेत. हिला आठवा लागायच्या आत चारी बदलायचे."

त्यानंतर महिनाभर सिस्टरनी टायरांचा असा काही अभ्यास केला की आमच्या क्लासच्या सरांना लाज वाटावी. जळकोटला पंक्चर काढणारे खाजाभाई त्यांचे जुने पेशंट आणि जुने शत्रू. त्यांच्याकडून त्यांनी शिकून घेतलं की गाडीच्या दाराच्या खांबावर मापाचा कागद चिकटवलेला असतो, टायर त्याच मापाचा घ्यायचा. आणि टायराच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर कधी तयार झाला ते कळतं. हे ऐकल्यावर सिस्टरचा चेहरा असा उजळला की खाजाभाई घाबरले. "सिस्टर, टायर म्हंजे इंजेक्शन न्हाई," ते म्हणाले. "चार-सहा महिने इकडंतिकडं चालतंय." सिस्टर म्हणाल्या, "असल्या चालतंयवरच एक लेकरू गेलंय, खाजा." खाजाभाईंनी हातातला टायर खाली ठेवला. रबर न वापरताही जुनं होतं, उन्हात ठेवलं तर लवकर कडक होतं, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे टायर सावलीत ठेवलेले होते का, हा प्रश्न सिस्टरच्या यादीत आला. लसीच्या डब्याची सगळी शिस्त त्यांनी टायरांना लावली.

लातूरच्या दुकानदारानं सुरुवातच चुकीची केली. एका मोठ्या क्लासच्या सरांच्या गाडीला हेच टायर आहेत, असं तो म्हणाला. "मग काय, ह्या टायरचा मेडिकलला नंबर लागतो का?" असं विचारून सिस्टर बाहेर पडल्या. त्यांच्या मते लातूरची माणसं आता जेवणाची मेससुद्धा पहिला आलेला मुलगा कुठे जेवत होता ते बघून ठरवतात.

मग आम्ही नांदेडला गेलो. माझं कॉलेज तिथलंच, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. पहिल्या दुकानात त्यांना रुंद टायर दाखवले, गाडी भारदस्त दिसते म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "मी बाळंतिणी नेते, वरात न्हाई." दुसऱ्या दुकानात टायर फुटपाथवर उन्हात रचलेले होते. तिथे त्या आत गेल्याच नाहीत, रस्त्यावरूनच मोठ्यानं म्हणाल्या, "पापड वाळत घातलेत का रे?" दुकानातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. समोरच्या रसवंतीवर माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. मी मान खाली घातली आणि सिस्टरच्या दोन पावलं मागे चालू लागले.

तिसरं दुकान काचेचं, आत गारवा. मालक तरुण होता, नम्र होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि माझ्याकडे बघून मॅडम काय शिकता म्हणून विचारलं. मला तोवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. माप बरोबर निघालं. तीन टायर आतून आणले, सिस्टरनी चष्मा वर करून एकेकावर बोट फिरवत आकडे वाचले. शेवटचे दोन आकडे बावीस, त्याच वर्षाचे. चौथा टायर गोदामातून यायचा होता. सिस्टर पैसे द्यायला काउंटरवर गेल्या तेवढ्यात तो आला आणि कामगारांनी चाकावर चढवून गाडीला लावूनही टाकला. आकड्यांची बाजू आत गेली. सिस्टरचे गुडघे तेव्हा पार गेले होते, खाली बसणं जमत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ए कॉलेज, वाक आणि वाच."

मी मोबाइलचा उजेड पाडून खाली वाकले. शेवटचे दोन आकडे अठरा होते.

मी किती वेळ तशी वाकून राहिले ते मला सांगता येणार नाही. टायर अगदी नवा दिसत होता, त्याची नक्षी जशीच्या तशी होती. मालक माझ्या मागे हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. आता सिस्टर ओरडणार, हा माणूस ओशाळणार, काचेबाहेरचे लोक थांबणार, हे सगळं मला दिसलं. रबर ते रबर, चार वर्षांनी काय होतंय, असं मी मनात म्हटलं. उठून हात झटकले आणि म्हणाले, "बावीसच आहे."

सिस्टरनी एकदाही उलटून विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर त्या खुशीत होत्या. लोहा मागे पडेपर्यंत त्यांनी तिन्ही दुकानदारांच्या नकला केल्या. कंधारला आम्ही चहाला थांबलो. बशीत चहा ओतत त्या सहज म्हणाल्या, "बरं झालं तू होतीस. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचलं बघ. आता तुझ्या ताईला बिनघोर नेते." त्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं. अठरा होते, मी बावीस म्हणाले.

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं आता त्या सगळ्या हॉटेलासमोर मला सोलून काढणार. तेच व्हावं असंही वाटत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "कुणाची लाज वाटली तुला? माझी?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण एका दिवसात दोनदा खोटं बोलणं मला जमलं नाही. सिस्टर उठल्या आणि गाडी नांदेडच्या दिशेनं वळवली. दुकानात गेल्यावर त्या आवाज न चढवता मालकाला म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी स्वतः बघितलं न्हाई. तेवढा चौथा बदलून दे." त्यानं जुन्या मालातला चुकून आला म्हणत लगेच बदलून दिला. या खेपेला त्यांनी टायर चाकावर चढवायच्या आधी उभा धरायला लावला आणि आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. मी बाजूलाच उभी होते.

ताईला त्यांनी दिवस भरायच्या आधीच लातूरला नेलं. मी मागच्या सीटवर ताईचा हात धरून बसले होते. गाडी खड्ड्यांतून जपून जात होती, सिस्टर ताईला वाटभर दटावत होत्या, "श्वास घे, गाडी मी ओढायलेय, तू न्हाई." ताई भीतभीत हसली. मुलगी झाली, धडधाकट. चौथ्या टायराची गोष्ट सिस्टरनी आईला सांगितली नाही, ताईला सांगितली नाही. मला त्या 'कॉलेज' म्हणायच्या थांबल्या. मी केलेला चहा निमूट पिऊ लागल्या.

गेल्या वर्षी त्यांनी गाडी विकली आणि त्या देवणीला भावाकडे राहायला गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. सामान बांधून झालं होतं. मी एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं सांगितलं. मला वाटलं, आतातरी काहीतरी जळजळीत बोलतील, कुठल्या गुरांच्या बाजारात नाव घातलंस म्हणून विचारतील. त्या म्हणाल्या, "छान झालं."

त्यांची गोळ्या घ्यायची वेळ झाली होती. त्यांनी डब्यातून एक पाकीट काढलं, ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. मी सवयीनं हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बस तू. दमून आलीस."

मग त्या भिंत धरत खिडकीपर्यंत गेल्या आणि पाकीट उजेडात तिरकं करत तारीख शोधू लागल्या. बराच वेळ लागला. मी बसून राहिले.