फ्लेक्सवरचा गोरा उमेदवार

माझ्या तोंडावर वांगाचे ठिपके इतके, की संक्रांतीला घरात तीळ कमी पडले तर बायको आधी माझ्याकडे बघते. गावात लहानथोर मला 'ठिपक्या'च म्हणतात. ग्रामपंचायतीला उभा राहिलो आणि एकाएकी लाज वाटायला लागली. गावभर फ्लेक्स लागणार, त्यावर हे तोंड!

घरची लिंबाची बाग. अर्धं लिंबू गालांवर चोळलं आणि चांगलं मुरावं म्हणून दुपारभर बांधावर उन्हाकडे तोंड करून बसलो. संध्याकाळी गाल असे पेटले की बायको म्हणाली, "आज चूल नको, तुमच्यावरच भाकरी टाकते."

दुसऱ्या दिवशी नगरला त्वचेचे डॉक्टर गाठले.

"लिंबू लावून उन्हात बसलात? त्यानं डाग वाढतात. हे ठिपके घराण्यातून येतात आणि उन्हानं गडद होतात. वडिलांना होते?"

"वडिलांना, आज्याला... आमच्या बैलालासुदिक हायेत."

"बैलाचं राहू द्या. टोपी घाला, सनस्क्रीन लावा, मलम मी देतो तेवढंच. काही महिन्यांत फिके होतील."

महिने? मतदान आठवड्यावर आलेलं! मग पारनेरच्या फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर उपचार केले. दोन मिनिटांत गुण. एसटी स्टँडवर माझं तोंड सोललेल्या अंड्यासारखं झळकलं. मी खालीच उभा राहिलो, कौतुक गोळा करायला.

पहिली आली आमच्या आळीतली म्हातारी. तिच्या शब्दावर अख्खी आळी मत टाकते.

"ह्यो कोन रं?"

"आज्जे, मीच हाय."

"थापा नको मारू. आमचा ठिपक्या कुठाय? त्याला मत देनार हुते मी. ह्या गोऱ्याला कोन वळखतंय?"

शिडी लावली, काळा मार्कर घेतला आणि भर दुपारी बोडक्या डोक्यानं स्वतःच्याच थोबाडावर ठिपके काढत बसलो. बायको खालून ओरडत होती, "डाव्या गालावर अजून! नाकावर बास, माशा बसल्यात जणू!"

म्हातारीनं मान डोलावली. "हां, आता वळखला."

निवडून आलो. त्या दुपारच्या उन्हानं मात्र खऱ्या तोंडावर नवं पीक काढलं. म्हणून मिरवणुकीत गुलालाआधी बोटभर सनस्क्रीन थापून निघालो. आळीच्या तोंडालाच म्हातारीनं गाठलं आणि पदरानं माझे गाल खसाखसा पुसले.

"ते पांढरं काढ आदी. मत कुनाला दिलंय, बगू दे लोकास्नी."