बाबांचा होकार

माझे बाबा तोंडाने कधी ‘हो’ म्हणाले नाहीत. एखादी गोष्ट मान्य असली की ते खाकरायचे, छातीतून, खोल, आणि शेवटी बारीकशी शिट्टी वाजायची. पाचूबंदरच्या आमच्या ख्रिस्ती कोळी घरात त्या खाकरण्यावर मासळीचे सौदे झाले, भावाचं लग्न ठरलं. नाही म्हणायचं असलं तर ते नुसते गप्प बसत. मी नायगावच्या हिंदू शेतकरी घरातल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा ते गप्प बसले, आणि मरेपर्यंत माझ्याशी गप्पच राहिले. मी ओटीवर जाऊन बसायची, त्यांची पाठ माझ्याकडे आणि हात जाळ्यात. मीही काही कमी हट्टी नव्हते. बाबा बोलावत नाहीत तोवर या घरात जेवणार नाही, असं मी आईला सांगून टाकलं होतं. मयताच्या दिवशी त्यांचे पाय धरले तेव्हासुद्धा मला त्यांचा रागच आला.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, आईचा फोन आला.

“तुज्या बापसाला इचारला मी. घरी ये, जेवायला. त्याला चालतंय.”

“त्यांनी सांगितलं?”

“तो कवा सांगतो? खाकरला. एवढं दिवस गपच होता, आता खाकरायला लागलाय. मेल्यावर पन मानसाला वेळ लागतो.”

मी हसले, आणि दुसऱ्याच दिवशी गेले.

आई रोज चर्चमागच्या दफनभूमीत जायची, तेही भर दुपारी. सकाळी मिस्साच्या प्रार्थनेला माणसं असतात, नवऱ्याशी मोकळेपणी बोलता येत नाही, हे तिचं म्हणणं. त्या दुपारी वाळत्या बोंबलांचा वास होता आणि ओहोटीमुळे समुद्र लांब गेला होता. आईने बाबांच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली. उन्हात ज्योत दिसतच नव्हती, नुसतं मेण वितळत होतं. आई उकिडवी बसली आणि भाजीवाल्याला भाव विचारावा तशी म्हणाली, “पोरगी आलीय. घरात घेऊ ना?”

जमिनीतून, माझ्या गुडघ्यांजवळून, खाकरणं आलं.

मी भुतंखेतं मानत नाही. आजूबाजूला कोणी आहे का, हे मी उठून पाहिलं. कोणी नव्हतं. सावलीत झोपलेला कुत्रा उठला आणि आमच्याकडे न बघता फाटकाबाहेर गेला. शेवटची ती शिट्टीसुद्धा वाजली होती. मला घाम फुटला, आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की आईने मला धरून घरी नेलं. त्या दिवशी मी माहेरी जेवले, दोनदा भात घेतला.

आईला गुपित पचत नाही. कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेली तेव्हा तिने फादरना सगळं सांगितलं. फादर म्हणाले, मृतांसाठी बोला, मृतांशी बोलू नका. विचारलंत की कोणीतरी उत्तर देईल, पण ते कोण, हे तुम्हाला कळणार नाही. आई घरी येऊन माझ्यावरच चिडली. “हरवलेल्या चाव्या सांत आंतोनला इचारायच्या, ते चालतं. आनि नवऱ्याला काय इचारायचा नाय?”

माझ्या सासूबाई आमच्या टॉवरच्या गच्चीवर दरवर्षी पितरांचं पान ठेवतात. त्या तरी आईची बाजू घेतील म्हणून मी त्यांना हे सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. “पितरांना जेवायला बोलवायचं, इचारपूस करायला नाय,” त्या म्हणाल्या. “पान ठेवायचं नि मागं न बघता खाली यायचं. गप्पांना बसवलं का मग उठत नाय कोनी.” फादर आणि सासूबाई एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. दोघांचं इतकं जमावं हे मला अजिबात आवडलं नाही. मी आईला अडवलं नाही. मला तो होकार हवा होता.

मग गावात एकजण वारले. आई दुपारी नेहमीसारखी गेली, तर बाबांचा क्रूस उपटून बाजूला ठेवलेला आणि त्या जागी खणलेला खड्डा. तिचा आरडाओरडा ऐकून फादर धावत आले. मी पोचले तोवर उलगडा झाला होता. पावसानंतर भराव टाकून दफनभूमी सपाट केली, तेव्हा रंगवायला काढलेला बाबांचा क्रूस चुकून भलत्याच जागी लागला होता. बाबा भिंतीकडच्या ओळीत होते, बिनक्रुसाचे. चर्चच्या नोंदवहीत ही जागा रिकामी होती, इथली जुनी हाडं केव्हाच काढून नेली होती. मी खड्ड्यात वाकून पाहिलं. तळाशी थोडं खारं पाणी साचलं होतं, बाकी काही नव्हतं.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. “मंग खाकरत कोन होता?”

फादरनी खड्ड्यावर क्रुसाची खूण केली. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि त्यामुळे मी जास्त घाबरले. घरी आईने ताट वाढलं, पण मला घास उतरेना. मला या घरात कोणी बोलावलं होतं, हेच मला आता माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही भिंतीकडच्या ओळीत उभ्या राहिलो. आता क्रूस बरोबर जागी होता. फादर पवित्र पाणी शिंपडून पुढे गेले. आई हळूच म्हणाली, “इचारू?”

“नको,” मी म्हटलं.

आम्ही बाबांसाठी प्रार्थना केली, बाबांना काही विचारलं नाही. सगळे निघाले तरी मी थांबले. खोटं कशाला बोलू, कान लावून थांबले. कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. ती शांतता मी लगेच ओळखली. माहेरच्या ओटीवर, त्या पाठीमागे बसून, मी तीच वर्षानुवर्षं ऐकली होती.

बाबा तिथेच होते.