बुढ्याच्या वाट्याचं अंडं

"सिस्टर, तुम्ही लोकांनी लय केलं हो कोरोनात," असं कोणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. शाल-नारळ घेऊन झालं, फोटो काढून झाले. ज्या साहेबानं स्टेजवर आमच्यासाठी गळा काढला, तो त्या वर्षी वॉर्डाच्या दारापर्यंतसुद्धा फिरकला नव्हता. नाकानं कांदे सोलायला काय लागतं? शाल मात्र गरम आहे, थंडीत मी ती वापरते.

दुसऱ्या लाटेत माझी ड्यूटी पुसदच्या पल्याड, पोरींच्या वसतिगृहात उघडलेल्या सेंटरला होती. खाली माणसांचा वॉर्ड, वर बायांचा. एका तांड्यावरचं म्हातारं जोडपं एकाच गाडीतून आलं. बुढा खाली गेला, बुढी वर माझ्याकडे. तिला आम्ही सगळ्या याडी म्हणायचो, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे माय. भल्ली बोलकी बाई. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी तोंड चालूच. माझ्या पांढऱ्या किटकडे पाहून म्हणायची, "काहून वं, अशी भुतावानी फिरून राह्यली?"

सकाळी प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं यायचं. याडी ते सोलायची अन् माझ्या हातावर ठेवायची. "बुढ्याले देजो. त्याले लय आवडते. घरी बी पह्यला हक्क त्याचाच." एका वॉर्डातली वस्तू दुसऱ्या वॉर्डात न्यायची नाही, असा नियम होता. तरी मी न्यायची. बुढा दोन घासांत संपवायचा अन् म्हणायचा, "तिले म्हणा, तू खाय." तो निरोप मी वर आणायची. याडी चक्क लाजायची. त्या दिवसांत मला वाटायचं, चला, आपल्या हातून काही तरी बरं होऊन राह्यलं.

मग एका दुपारी बुढा गेला.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला जिन्यातच गाठलं. "बुढीला कळू द्यायचं नाही. तिचा ऑक्सिजन आत्ता कुठं वर येऊन राह्यला. ऐकलं तर अन्न सोडेल अन् तीही जाईल." बुढीच्या मुलाला फोन केला, तर तोही रडत म्हणाला, "मायले नका सांगू, मॅडम. एक त वाचू द्या." यात चूक कोणाचीच नव्हती, असं आजही सगळे म्हणतात. हुकूम साहेबांचा, विनंती मुलाची, अन् तोंड माझं. "सर, मग तुम्हीच सांगा ना तिला, बरा आहे म्हणून," असं मी म्हटलं. ते पुढच्या पेशंटकडे निघून गेले. त्यांच्याही मागं शंभर कामं होती, खोटं कायले बोलू.

दुसऱ्या दिवशी याडीनं अंडं सोललं. "बुढा जेवला का?"

"जेवला," मी म्हटलं.

"काय खाल्लं?"

आता काय सांगणार? "वरण-भात. मिरची मागत होता."

याडी खुदकन हसली. "मिरचीबिगर त्याचा घासच उतरत नाही." अन् मग ती पोटभर जेवली. साहेब राउंडला आले, तिचा आकडा पाहिला अन् माझ्याकडे बघून खूश होऊन मान हलवली. मला स्वतःची शिसारी आली.

अंडं माझ्या हातातच होतं. याडीची खाट दारासमोर, तिथून जिना दिसायचा, म्हणून मला खाली उतरावंच लागायचं. खाली पिवळी पिशवी लावलेली असायची, वापरलेले हातमोजे, मास्क, रक्ताचा कापूस टाकायची. त्यात मी ते अंडं टाकायची. वॉर्डातलं अन्न दुसऱ्या कोणाला द्यायला सक्त मनाई होती. असं रोज चाललं. अशक्त बाईच्या तोंडचा घास मेलेल्या माणसाच्या नावानं काढून घ्यायचा अन् कचऱ्यात टाकायचा, याला आम्ही तिला वाचवणं म्हणत होतो. "याडी, तूच खाय ना," असंही म्हणून पाहिलं. "मी त बरी होऊन राह्यली. ताकद त्याले पायजे," ती म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

याडी वाचली. खरंच वाचली. दवाखान्यातून तिला सुट्टी झाली त्या दिवशी मुलगा जीप घेऊन फाटकापाशी उभा होता, पण आत यायची त्याची हिंमत होईना. साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच सांगा तिला. तुमचं अन् तिचं चांगलं जमतं." खोटं बोलायला मी अन् खरं बोलायलाही मीच. मी वर गेली. याडी पिशवी भरून, डोक्यावर पदर घेऊन तयार बसली होती.

"बुढ्याले कधी सोडतेत?"

मी तिच्या खाटेवर बसली अन् सांगितलं. कोणत्या दिवशी गेला तेही सांगितलं.

ती रडली नाही. मग तिनं विचारलं, "मंग अंडे कोणं खाल्ले?"

नवऱ्यासाठी राखलेला घास रक्ताच्या कापसात गेला, हे त्या बाईला सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "मी खाल्ले, याडी."

तिनं हात पुढे केला अन् किटवरूनच माझ्या पाठीवरून फिरवला.

"असू दे," ती म्हणाली. "तुले भूक लागली असन, पोरी."