संक्रांतीला मिटलेली तक्रार

माझे यजमान भूल देणारे डॉक्टर. इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स भागातल्या एका लहान शहराच्या सरकारी हॉस्पिटलात त्यांची नोकरी होती. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. आमच्या घरात भांडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

त्या हिवाळ्यात एकदा ड्यूटी संपवून येताना आमच्याच रस्त्याच्या तोंडाशी पोलिसांनी त्यांची गाडी थांबवली. कुठल्याशा चोरीतली गाडी त्याच रंगाची होती म्हणे. यांनी ओळखपत्र दाखवायला कोटाच्या खिशात हात घातला. तेवढ्यावरून दोघा शिपायांनी त्यांना बाहेर ओढलं, बॉनेटवर पालथं दाबलं आणि हात मागे पिरगाळून बेड्या घातल्या. चूक लक्षात आल्यावर सोडून दिलं. घरी आले तेव्हा मनगट सुजलेलं. "काही नाही, थोडा गैरसमज झाला," एवढंच म्हणाले. बाकीचं मला समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.

तक्रार करायला मीच लावलं. ब्रॅकनेलला आयटीत असलेल्या यांच्या मित्राचा लगेच फोन आला. "अरे, आधी ILR होऊ दे. पक्का व्हिसा हातात नसताना कशाला पोलिसांच्या नजरेत येतोस?" मी फोन काढून घेतला. म्हटलं, "भावजी, ह्यांची काही चूक नव्हती, एवढं त्यांनी कबूल करावं. बाकी आम्हाला काही नको." खरंच दुसरं काही नको होतं.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसच करणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं मी तेव्हाच म्हणाले होते. जानेवारीत एक इन्स्पेक्टर घरी बोलायला आले, आणि दिवस नेमका संक्रांतीचा. सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. इन्स्पेक्टर बिचारे सभ्य. न सांगता बूट दारात काढले. सणाच्या दिवशी घरी आलेल्या माणसाला तिळगूळ न देता पाठवणं सासूबाईंना जमण्यासारखं नव्हतं. चहाबरोबर त्यांनी वडी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला." इन्स्पेक्टरांनी अर्थ विचारला. यांनी तो अगदी सविस्तर सांगितला. म्हणजे मागचं विसरायचं, मनात काही ठेवायचं नाही.

इन्स्पेक्टर हसले. म्हणाले, मग हे आपण लोकल रिझोल्यूशनने मिटवू या का? दोन्ही बाजूंच्या संमतीने, इथल्या इथे. त्या दोघांना मी समज देईन. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. यांनी सही केली.

ते गेल्यावर मी विचारलं, "अहो, का?"

"अगं, आईने आत्ता त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. लगेच भांडायचं कसं?"

सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं. काय झालं ते मी सांगितलं, आणि सांगताना माझा स्वर काही गोड नव्हता. त्या खुर्चीत बसल्या. "मी पाहुणा म्हणून दिला गं," म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, यांचा आला, आणि ज्यांनी वाकडा शब्दही काढला नव्हता त्या इन्स्पेक्टरांचा सगळ्यात जास्त आला. पुढे काही आठवड्यांनी पोलिसांकडून कळलं की शिपायांशी बोलणं झालं, प्रकरण मिटलं. चूक कुणाची, याबद्दल अवाक्षर नाही. त्यानंतर हे भाजी आणायला निघाले तरी हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात घालायचे, कोटाच्या वरून, दिसेल असं. मी त्यावर कधी काही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

वसंतात आमच्या शहरात पोलिसांनी असंच रस्त्यात थांबवून घेतलेल्या झडतीत एका कॉलेजच्या मुलाचा हात मोडला. लोक खवळले. कौन्सिलने तातडीची सभा बोलावून ठराव मांडला, की झडत्या आणि तक्रारी साध्या नागरिकांच्या समितीनेही तपासाव्यात. पोलिसांना तो बंधनकारक नव्हता, पण निदान कुणीतरी विचारणार होतं. आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो. पोलिसांच्या वतीने आलेले गृहस्थ म्हणाले, इथल्या भारतीय कुटुंबांचं आमच्याबद्दल चांगलं मत आहे. एकच तक्रार होती, तीही सामोपचाराने मिटली.

माझ्या अंगाची लाही झाली. मी उठणार तोच यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उभे राहिले. पेशंटची माहिती देतात तसं शांतपणे सगळं सांगितलं. अध्यक्षस्थानी एक वयस्क बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आय ॲम सॉरी, डॉक्टर. तुम्ही संमती दिलीत, आता ती तक्रार पुन्हा उघडता येणार नाही."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "फक्त एक गोष्ट राहिली. त्यांनी बेड्या काढल्या, तेव्हा मी त्यांना थँक्यू म्हणालो. दोघांनाही, वेगवेगळं."

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीने पेन थांबवलं आणि हळूच विचारलं, "हे वगळू का?"

"नको," ते म्हणाले. "थँक्यूसकट लिहा."