दुधाच्या रिकाम्या पिशव्या

माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारी मी. नवरा म्हणायचा, तू पोलिसात जायला हवं होतंस. दादर सोडून शांती नगरात आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी जवळच्या राई गावातली एक मावशी दारोदार फिरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागू लागली. म्हणायची, "बाय, नुसता कोपरा काप नि धुवून ठेव. रोपांना पायजेत."

रोपांना म्हणे! मला काय दूधखुळी समजली? तेव्हा जिकडेतिकडे भेसळीच्या गोष्टी चालायच्या. रिकाम्या पिशवीत पाणी घातलेलं दूध भरायचं, कोपरा मेणबत्तीवर चिकटवायचा, झालं! आणि हिला नेमक्या अख्ख्या, धुतलेल्या पिशव्या हव्यात. मी मजल्यामजल्यावरच्या बायकांना सांगून आले, पिशवी मधोमध कापायची, दोन तुकडे, मग बघू कशात भरते ती. शेजारची गुजराती भाभी म्हणाली, "आप कितना सोचते हो!" मी जरा भावच खाल्ला.

उन्हाळाभर आमचं हे चाललं. मावशीनं विचारलं की मी म्हणायचे, "अहो, कामवाली कापते, ऐकतच नाही." ती तुकडे बघायची आणि निघून जायची. भांडत कशी नाही ही, याचाच मला आणखी संशय. शेवटी रंगेहाथ पकडायचीच, म्हणून एका सकाळी रिक्षा करून राईला गेले.

मावशीच्या घरामागे पिशव्यांच्या रांगा होत्या. आमच्याच दुधाच्या, पण मातीनं भरलेल्या, आणि प्रत्येकीत शिवणीच्या झाडाचं वीतभर रोप. वाडा तालुक्याकडचे शेतकरी दर पावसाळ्यात तिच्याकडून रोपं नेऊन बांधावर लावायचे. पण रांगा दोनच होत्या. बाकीची रोपं वाफ्यात एकमेकांना खेटून पिवळी पडली होती.

"दोन पानांवर हाय तवाच पिशवीत घालायला लागतंय," ती म्हणाली. तिनं एक उपटून दाखवलं. मूळ तटकन तुटलं. "आता ही सगळी फुकट. त्या लोकांना काय देऊ? पुढल्या सालाला ते येयाचे न्हायत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खड्ड्यात जावो माझी हुशारी!

"बाय, सगळ्यांच्या कामवाल्या एकदमच कशा गो पिशव्या फाडाया लागल्या? कोनी शिकवलं त्यांना?"

ती सरळ माझ्याकडे बघत होती. "काय माहीत," मी म्हणाले.

तिनं रांगेतली एक भरली पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "ने. इतक्या घरांतनं तू एकटीच बघाया आलीस."

मी ती घेतली. नको म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं.