वर एक मूठ

तराजूचा काटा स्थिरावला की अप्पा म्हणायचे, "आता वर एक मूठ." आणि ज्वारीची भरली मूठ गिऱ्हाइकाच्या पिशवीत सोडायचे. उदगीरच्या मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान, घर मात्र आमच्या गावात, माझ्या दारासमोर. चहा दिला तरी बशीत सांडेल इतका. "अशानं दिवाळं निघेल हो अप्पा," म्हटलं की हसायचे. "माप गिऱ्हाइकाचं. वरची मूठ आपली."

आमच्या किल्ल्याभोवती ऐतिहासिक उद्यान आहे, त्याच्याच कचेरीत मी कारकून. उद्यानाची हद्द वाढवणारा कायदा यायचा होता आणि नव्या हद्दीत अप्पांची खंदकालगतची जमिनीची पट्टी येत होती. त्या पट्टीत बेलाखाली त्यांच्या बायकोची, काकूंची समाधी. अप्पा लिंगायत; त्यांच्यात दहन नाही, मांडी घालून बसवून दफन. शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी राखलेली. रोज सकाळी बेलाला पाणी घालून त्या जागेवर मांडी घालून बसायचे. "बसून बघावं लागतंय, सवय पायजे," म्हणायचे. स्वतःच्या समाधीच्या जागेवर बसून शेंगा खाणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय.

वरून विचारणा आली, या कायद्यानं तिजोरीवर बोजा किती पडेल? आम्ही जमिनीचा मोबदला कळवला. उत्तर आलं, पैसा नाही, पट्टी वगळा. मी आनंदानं धावत अप्पांकडे गेलो. "सुटलात अप्पा! जागा तुमचीच राहिली."

अप्पांचं तोंड उतरलं.

"काय सुटलो? पोरं लातूरला. माझ्यामागं इकतील. भवताली समदी प्लॉटिंग होऊन राहिली, दिसंना का? तिच्या उरावर दुकानाचे गाळे उभारतील." मग म्हणाले, "सरकारला फुकट दिली तर?"

"मग खर्चच नाही, लगेच घेतील. पण अप्पा, एकदा हद्दीत गेली की तिथं कुदळ मारायला बंदी. तुम्हाला मग तिथं..."

"तिला तर कोनी हलवनार न्हाई ना?"

"नाही."

"हाव. मग लिव्हा, खर्च न्हाई."

मी भांडलो त्यांच्याशी. पोरांना समजावू म्हटलं, वकील गाठू म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला. बशीत सांडेल इतका.

कायदा झाला. तिजोरीवर कसलाही भार नाही, हे वाचून आमचे साहेब खूश. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. भार कुणावर पडला ते मला ठाऊक होतं ना! अप्पा आपल्याच जुन्या जमिनीत तिकीट काढून जायला लागले. वर फाटकावरच्या पहारेकऱ्याला शेंगा द्यायचे, मूठभर.

गेल्या श्रावणात अप्पा गेले. गावाबाहेरच्या स्मशानात, काकूंपासून कुठल्या कुठं, त्यांना बसवून समाधी दिली. विभूती झाली, बेल वाहिला, मुलांनी रडत रडत माती लोटली. लोक परतायला लागले तसा मी पुढं झालो.

उद्यानातली माती हलवू नये, ही पाटी मीच लिहून लावलेली. तरी त्या दिवशी सकाळी बेलाच्या बुंध्याशी वाकलो होतो. खिशात हात घातला.

"अप्पा," म्हटलं, "काकूंकडची आहे. वर एक मूठ."